वेळापत्रक चौथ्या दिवशी मोडतं: कुठे काय तपासायचं

लक्षणं

रविवारी रात्री स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाचं नवं वेळापत्रक तयार होतं. सोमवार-मंगळवार घड्याळाच्या काट्यावर जातात, बुधवारी एखादा तास निसटतो आणि गुरुवारी दुपारपर्यंत सगळं बारगळतं. मग ठरतं, "आता एक तारखेपासून."

सकाळी साडेसातला खुर्चीत बसलेला मुलगा रात्री दहाला उठतो. आज काय झालं विचारलं तर त्याला सांगता येत नाही.

इतिहासाच्या पुस्तकाची कड बघा. सुरुवातीची शंभर पानं बोटं लागून मळलेली, पुढची कोरी करकरीत. दर नव्या वेळापत्रकाबरोबर पुस्तक पुन्हा पहिल्या पानावरून सुरू झाल्याची ही खूण.

सकाळचा पहिला तास चुकला की उरलेला दिवसही सोडून दिला जातो.

टेलिग्रामवरून उतरवलेल्या पीडीएफ वाढत जातात, सोडवलेले प्रश्न वाढत नाहीत.

यातली तीन लक्षणं जुळत असतील तर पुढचं तुमच्यासाठी आहे. बाकी सगळं सुरळीत आहे आणि फक्त अर्थशास्त्र किंवा फक्त गणित आलं की गाडी अडते, असं असेल तर बिघाड वेळापत्रकात नाही. त्या विषयाचा चांगला शिक्षक गाठा, वेळापत्रकाला हात लावू नका.

मी पुण्यात नवी पेठेत अभ्यासिका चालवते. बसणारे बहुतेक राज्य लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवेची किंवा कंबाईनची (गट ब आणि क पदांच्या संयुक्त परीक्षेची) तयारी करणारे, मराठवाडा-विदर्भातून आलेले, काही जण नोकरी करून संध्याकाळी येणारे. "ताई, वेळापत्रक परत मोडलं, बघता का जरा?" हे वाक्य घेऊन महिन्याला दोघं-तिघं तरी काउंटरशी येतात. प्रत्येकाला वाटतं आपल्यात जिद्द कमी आहे. मला जिद्द कमी असलेली मुलं फार थोडी भेटली. वेळापत्रकाची बेरीज चुकलेली मात्र जवळजवळ सगळीच.

खालच्या तपासण्या याच क्रमाने करा. आधीच्या फुकट आणि सोप्या आहेत, नंतरच्या अवघड. एका वेळी एकच बदल करा आणि त्याला पाच दिवस द्या. पाच अशासाठी, की हा बिघाड चौथ्या दिवशी दिसतो. दोन दिवस बरं गेलं यावरून काहीच कळत नाही. दोन बदल एकदम केले तर फरक कशाने पडला तेही समजत नाही.

बेरीज करून बघा (दहा मिनिटं, फुकट)

वाशिमकडच्या एका मुलाचं वेळापत्रक मला अजून आठवतं. पहाटे पाच ते रात्री अकरा, त्यात अभ्यास चौदा तास. चार रंगांच्या पेनांनी आखलेलं. मी त्याला कोरा कागद दिला आणि म्हटलं, अभ्यास सोडून दिवसात जे जे करतोस ते आधी लिही.

झोप त्याने सहा तास धरली होती, पण सुट्टीच्या दिवशी गजराशिवाय तो सात तास झोपायचा. म्हणजे गरज सातची. खोलीत चौघं आणि बाथरूम एक, त्यामुळे सकाळचं आवरायला एक तास. मेसची दोन जेवणं, जाऊन-येऊन दीड तास. नाश्ता-चहा अर्धा. खोली ते अभ्यासिका, दिवसातून दोन फेऱ्या, एक तास. कपडे, झाडलोट अर्धा. घरचा फोन अर्धा. मधल्या विश्रांत्या सगळ्या मिळून दीड. एकूण झाले साडेतेरा तास. चोविसातून वजा केले तर उरले साडेदहा. त्याने योजले होते चौदा. पहिल्या दिवसापासून साडेतीन तासांची तूट होती, आणि ती झोपेतून भरून निघत होती. दोन दिवस शरीर चालवून घेतं. चौथ्या दिवशी ते वसुली करतं.

शिवाय ते साडेदहाही पूर्ण वापरायचे नाहीत. त्यातला पाऊण भाग भरा, म्हणजे सुमारे आठ तास, आणि पाव भाग मोकळा ठेवा. लाईट जाते, पाऊस लागतो, मेसमध्ये रांग असते, गावाकडून कुणीतरी कागदपत्राच्या कामाला येतं. ही कामं दर आठवड्याला येणारच असतात, फक्त कुठल्या वारी येतील ते माहीत नसतं. मग त्यांना वेळापत्रकात जागा नको?

नोकरी करणाऱ्यांची ही बेरीज बहुतेकदा साडेतीन-चार तासांवर येऊन थांबते. बघून वाईट वाटतं, पण तोच खरा आकडा असतो. शेजारच्या खुर्चीवरच्या पूर्णवेळ मुलाचं वेळापत्रक उतरवून घेतलेले नोकरदार मी सर्वांत जास्त खचलेले पाहिले आहेत.

तीन दिवसांची नोंद (एक वही)

बेरीज बरोबर असूनही मोडत असेल तर वेळ नक्की कुठे जातो ते बघायचं. तीन दिवस काहीही सुधारू नका. फक्त दर तासाला एक ओळ लिहा: काय ठरलं होतं, काय झालं. लिहिताना स्वतःला रागवायचं नाही, नाहीतर वही खोटं बोलायला लागते.

खुर्चीतले तास आणि अभ्यासाचे तास वेगळे असतात, हे या वहीशिवाय कुणालाच पटत नाही. दहा तास बसलेल्यांचे पाच-सहा निघतात. वरची बेरीज कागदावरची होती. या वहीतला आकडा तुमचा खरा. पुढचं सगळं त्यावर उभं करायचं.

नोंदीत आणखी एक गोष्ट बघा. रोज एकाच वेळी खिंडार पडतं का? बहुतेकांचं ठिकाण ठरलेलं असतं. कुणाचं दुपारी अडीच, कुणाचं संध्याकाळी साडेसहा. ठिकाण एकच असेल तर कारणही बहुधा एकच असतं, आणि दुरुस्तीही तेवढीच लागते. अख्खं वेळापत्रक नव्याने लिहायची गरज नसते.

फोन (फुकट, पण जिवावर येणारं)

आमच्या काउंटरमागे खुर्ची क्रमांकाचे कप्पे आहेत. फोन तिथे दोन तास ठेवायचा. सुरुवातीला तीन अडचणी हमखास सांगितल्या जातात, आणि तिन्ही खऱ्या आहेत.

पहिली, लेक्चर फोनवर आहे. मग ते आदल्या रात्री उतरवून ठेवा आणि दिवसात एकच वेळ लेक्चरची ठरवा. त्या वेळी फोन घ्या, नेट बंद करा. दुसरी, नोट्स पीडीएफमध्ये आहेत. लागणारी चाळीस पानं छापून घ्या, तेवढा खर्च करा. तिसरी, घरून फोन येईल. काउंटरचा नंबर घरी देऊन ठेवा. तातडीचं असेल तर आम्ही खुर्चीपाशी येऊन सांगतो. बहुतेक अभ्यासिकांत सांगतात.

ही तपासणी महत्त्वाची का, तर नुकसान फोन बघण्याच्या दोन मिनिटांपुरतं राहत नाही. सोफी लेरॉय या संशोधक बाईंनी २००९ साली दाखवलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं की मनाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो. ग्रुपवर "परीक्षेची जाहिरात कधी येणार" याची चर्चा अर्धी वाचून पुस्तकाकडे वळलात तर डोळे पानावर असतात आणि मन जाहिरातीत.

यातूनच एक छोटी सवय लावता येते. जागेवरून उठण्याआधी वहीत एक ओळ लिहा: कुठे थांबले, परत आल्यावर पहिलं काय करायचं. चहा पिताना डोकं मोकळं राहतं आणि परत बसल्यावर सुरुवात शोधण्यात पंधरा मिनिटं जात नाहीत.

कामाचं नाव नीट लिहिलंय का?

"९ ते ११ भूगोल" हे काम नव्हे, ते विषयाचं नाव आहे. ते कधी संपलं हे कळत नाही, त्यामुळे पूर्ण झाल्याचं समाधान कधीच मिळत नाही. "महाराष्ट्रातील मृदा, आठ पानं, मग आयोगाचे जुने २० प्रश्न" हे काम झालं. ते झालं किंवा राहिलं, मधलं काही नाही.

आठ पानांना किती वेळ लागेल याचा अंदाज मात्र डोक्याने करू नका. माणूस स्वतःच्या कामाला लागणारा वेळ सतत कमी धरतो, आणि आधी दहादा उशीर झालेला असला तरी अकराव्यांदा तसंच करतो. डॅनिएल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या चुकीचं वर्णन केलं होतं. उपाय साधा आहे: प्रत्येक विषयाची पहिली पाच पानं घड्याळ लावून वाचा आणि मिळालेला वेग वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. राज्यव्यवस्थेचा वेग आणि विज्ञानाचा वेग एक नसतो.

इथेच आणखी एक तपासा. तुमच्या आठ तासांत लिहिण्याचे, आठवण्याचे तास किती? २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. नऊ पेपर, १७५० गुण. तरी वेळापत्रकं अजून वाचनाचीच असतात. नुसतं वाचत गेलं की मेंदू थकतो आणि हाती काही लागल्यासारखं वाटत नाही, म्हणून मन उडतं. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून झाल्यावर पुस्तक मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षा पाच मिनिटांनी नसते. दोन तास वाचलं तर अर्धा तास पुस्तक मिटून लिहा, आणि हा अर्धा तास वेळापत्रकात वेगळा दाखवा, नाहीतर तो कधीच होत नाही.

बैठकीची लांबी

२५ मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती ही पद्धत बऱ्याच जणांना माहीत असते. फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ वापरून ती बसवली. ज्यांची बैठक पूर्ण मोडली आहे त्यांना मी यानेच सुरुवात करायला सांगते. पण मुख्य परीक्षेचा पेपर तीन तासांचा असतो. म्हणून पंधरवड्याला थोडं वाढवत ५० मिनिटांवर, मग दीड तासावर या, आणि आठवड्यातून एकदा सलग तीन तास लिहायला बसा.

दुपार आणि झोप

दुपारी दोन ते चार जी पेंग येते ती सगळ्यांनाच येते. वर मेसचा भरपूर भात असेल तर विचारायलाच नको. या वेळेत अवघड विषय ठेवू नका. चालू घडामोडींच्या नोंदी, नकाशे, जुने प्रश्न ठेवा. वीस मिनिटं डोकं टेकवलं तरी चालतं, गजर लावून. चहा-कॉफी संध्याकाळी पाचनंतर बंद. पोटात गेलेल्या कॅफिनमधलं निम्मं साधारण पाच तासांनीही अंगात असतं, त्यामुळे नऊचा चहा दोन वाजता जागं ठेवतो आणि पहाटे पाचचा गजर वाया जातो.

माणसं (इथून पुढे अवघड)

इथवर सगळं स्वतःच्या हातात होतं. आता दुसऱ्यांशी बोलावं लागतं, म्हणून बरेच जण ही पायरी टाळून पुन्हा पहिल्या पायरीवर जातात आणि नवं वेळापत्रक आखतात.

चहाचा ग्रुप सगळ्यांत सोपा. "चहाला चल" म्हटल्यावर नाही म्हणणं जड जातं, पण "सव्वापाचला येतो" म्हणणं जमतं. वेळ ठरली की शास्त्री रोडवरची पंधरा मिनिटांची चहाची फेरी तासाभराची होत नाही. ग्रुप तोडू नका. या शहरात एकटं पडलेल्या मुलांचं काय होतं ते मी पाहिलंय.

गणपतीचं आधीच धरा. पेठांमध्ये त्या दहा दिवसांत अभ्यास होईल असं मानून केलेलं वेळापत्रक मोडणारच. त्याआधी ढोल-ताशांचा सराव सुरू असतो, आणि विसर्जन मिरवणूक चोवीस तासांहून लांबते. एकतर गावी जा, नाहीतर त्या दिवसांचा भार निम्मा करा. ठरवून घेतलेल्या सुट्टीने वेळापत्रक मोडत नाही.

घरचं मात्र खरंच कठीण. मुलींचं जास्त. लातूरकडची एक मुलगी दर पंधरा दिवसांनी गावी जायची, कारण "पाहुणे बघायला येणार" असायचे. जाऊन-येऊन तीन दिवस, आणि परत आल्यावर मन लागायला आणखी दोन. ती माझ्याकडे वेळापत्रक घेऊन आली होती आणि मीही आधी तेच तपासत बसले. चूक माझी होती. तिचं वेळापत्रक उत्तम होतं. आम्ही मग घरातलं एक माणूस निवडलं, तिची मोठी काकू. वडिलांशी थेट बोलण्यापेक्षा ते सोपं होतं. काकूला पूर्वपरीक्षेची तारीख सांगितली आणि मागणी एकच केली: त्या तारखेपर्यंत पाहुणे नकोत, नंतर महिनाभर ती घरीच राहील. "मला अभ्यास करू द्या" याला घरचे काय उत्तर देणार? तारीख आणि मर्यादा दिली की त्यांना हो म्हणायला जागा मिळते. काकूंनी ते निभावलं.

आईच्या फोनचंही तसंच. रात्री नऊची वेळ ठरवा आणि ती मात्र एकदाही चुकवू नका. तुम्ही नऊला नक्की करता हे कळलं की दिवसाचे फोन आपोआप थांबतात.

मोडलेला दिवस कसा हाताळता?

माझ्या अनुभवात खरा बिघाड इथे असतो. दिवस मोडतो त्याने वेळापत्रक मरत नाही. राहिलेले पाच तास दुसऱ्या दिवशीच्या आठात घालून तेरा करायला जाता, त्याने मरतं.

म्हणून नियम असा: राहिलेलं काम उद्यावर चढवायचं नाही. रविवारची सकाळ त्यासाठी मोकळी ठेवायची. रविवारी जे मावलं नाही ते सोडून द्यायचं किंवा पुढच्या आठवड्याच्या यादीत नव्याने लिहायचं.

दुसरं म्हणजे एक नेम धरा. आजी ताप असला तरी तुळशीला पाणी घालायची, तसा. इतका लहान, की सर्वांत वाईट दिवशीही होईल: जुने दहा प्रश्न, किंवा एका पानाचं उत्तर. रोज त्याच वहीत, वर तारीख टाकून. प्रवासातही, लग्नघरीही. दिवस मोडला तरी नेम झाला असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही "नव्याने सुरू" करत नाही, कालचंच पुढे चालू असतं. इतिहासाचं पुस्तक पहिल्या पानावर जाणं थांबतं ते यानेच.

आणि नेमही चुकला तर? फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये सवयी कशा लागतात याचा अभ्यास केला होता. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा त्यांचा हिशेब निघाला. एखादा दिवस चुकल्याने सवयीचं फारसं बिघडलं नाही. म्हणून २१ दिवसांत सवय लागली नाही याचं दुःख करू नका, आणि एक दिवस गेला म्हणून वही फेकू नका.

सगळं करूनही मोडतंय

आता वेळापत्रकाच्या बाहेर बघायचं. रात्रपाळी करून दिवसा आठ तास अभ्यास कुणालाच झेपत नाही. राज्यसेवा, कंबाईन आणि सरळसेवा (सरकारी खात्यांची थेट भरती) तिन्हीकडे एकदम धावत असाल तर यंदा एक निवडा. खोलीत झोप मिळत नसेल तर खोली बदला. डिपॉझिट जाईल, पण वर्ष वाचेल. हा पैशाचा आणि मनाचा मोठा निर्णय आहे, म्हणून तो शेवटी ठेवला. वरची वही हाताशी असेल तर तो अंदाजाने घ्यावा लागत नाही.

इथे थांबा आणि डॉक्टरांकडे जा

काही गोष्टी वेळापत्रकाने दुरुस्त होत नाहीत. त्या तशा करायला जाणं धोक्याचं आहे.

सात-आठ तास झोपूनही दिवसभर थकवा, धाप लागणं, केस गळणं, हातपाय गार पडणं असं असेल तर आधी साध्या एमबीबीएस डॉक्टरांना दाखवा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ यांची तपासणी ते सांगतील. मेसच्या जेवणावर वर्षानुवर्षं काढणाऱ्या, पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या मुलींनी तर हे टाळूच नये. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकल्यासारखं होणं आणि दिवसा झोप येणं हे एकत्र असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

शाळेपासूनच एका जागी बसणं, वस्तू सांभाळणं, सुरू केलेलं संपवणं जड जात आलं असेल, तर मनोविकारतज्ज्ञांकडून लक्ष टिकण्याच्या अडचणीची (एडीएचडीची) तपासणी करून घ्या. मित्राने दिलेली "जागं राहायची गोळी" कधीही घेऊ नका.

दोन आठवडे रोज मन उदास आहे, आवडत्या गोष्टीतही रस उरला नाही, झोप-भूक बिघडली आहे, आपण घरच्यांवर ओझं आहोत असं वाटतंय, तर त्या दिवशी वेळापत्रक बंद करून मदत घ्या. जगणं नको वाटत असेल तर वाट बघू नका. १४४१६ हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. धोका समोर असेल तर थेट जवळच्या दवाखान्यात जा, आणि एकट्याने जाऊ नका. खोलीतल्या कुणाला तरी उठवा. शेजारचा मुलगा असं काही बोलला तर त्याला एकटं सोडू नका आणि काउंटरवर सांगा, रात्र असली तरी.

अशा वेळी मुलं खुर्ची सुटेल म्हणून उपचार पुढे ढकलतात. दोन महिने गावी जायचं असेल तर अभ्यासिकेत तसं सांगून जा. मी खुर्ची राखून ठेवते.